बर्बनमधला धूर नक्की कुठला?

मागच्या हिवाळ्यात काका कऱ्हाडहून आमच्याकडे सिनसिनाटीला आले होते, आणि एका शुक्रवारी रात्री, बाहेर बर्फ आणि घरात हीटरची घरघर, मी कपाटातून एक सिंगल बॅरल बर्बन काढली, म्हणजे एकाच पिंपातून भरलेली अमेरिकन मक्याची व्हिस्की. दुकानदाराने देताना दोनदा बजावलं होतं की ही जरा धुरकट आहे, सगळ्यांना झेपत नाही. काकांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अरे, हे तर आपल्या जुन्या घरातल्या बंबाशेजारी उभं राहिल्यासारखं वाटतंय रे."

मी ओहायो नदीच्या या काठावर आठ वर्षं राहतोय, नदीपलीकडे लगेच केंटकी, दर दोन-तीन महिन्यांनी कुठली ना कुठली डिस्टिलरी बघून येतो, आणि त्याच बाटलीबद्दल माझ्या वहीत आधी लिहून ठेवलं होतं, "टोस्टेड ओक, स्मोक". म्हणजे काहीच लिहिलं नव्हतं.

मग काकांनी पुढचा प्रश्न टाकला. "पण काय रे, धूर म्हणजे स्कॉच ना? हे अमेरिकन लोक कधीपासून धूर घालायला लागले?"

तर घालत नाहीत. म्हणजे बहुतेक जण घालत नाहीत. आणि हे एकदा नीट कळलं की बर्बन चाखायची, तिला बरं-वाईट म्हणायची पद्धतच बदलते, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

स्कॉचमधला धूर येतो दाण्यातून. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, आणि ती वाळवताना खाली पीट जाळायचं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबलेला, अर्धवट कुजलेला पालापाचोळा, तो खणून काढतात, विटांसारखा वाळवतात आणि मग तो आपल्या गोवरीसारखा धुमसत जळतो. हा धूर ओल्या दाण्याला चिकटतो आणि मग आंबवणं, भट्टी, पिंप, सगळ्यातून तरून बाटलीपर्यंत येतो. सगळी स्कॉच अशी नसते, पण स्कॉटलंडच्या इस्ले बेटावरच्या बऱ्याच व्हिस्क्या अशाच. त्यात फिनॉल, क्रेसॉल असली मंडळी असतात, म्हणून तो धूर औषधी वाटतो, डांबर, आयोडीन, हॉस्पिटलचा कॉरिडॉर वगैरे.

बर्बनमध्ये मक्याला कुणी धूर दाखवतच नाही. अमेरिकेतला कायदा याबाबतीत भलता कडक आहे: धान्यात किमान ५१ टक्के मका हवा, भट्टीतून निघताना अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर नको, पिंपात भरताना ६२.५ च्या वर नको, बाटलीत ४० च्या खाली नको, पाण्याशिवाय काहीही मिसळायचं नाही, रंगसुद्धा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिंप ओकचं, नवंकोरं आणि आतून जाळलेलं पाहिजे. केंटकीतच बनवली पाहिजे असं काही नाही हां, हा गैरसमज इथल्या लोकांनाही आहे, अमेरिकेत कुठेही चालते. १९६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बर्बन ही आपली खासियत आहे असं जाहीरही करून टाकलं.

आतून जाळलेलं. सगळी गंमत या दोन शब्दांत आहे. धूर येतो तो पिंपातून.

एका डिस्टिलरीच्या टूरमध्ये आम्हाला पिंपाची एक फळी हातात दिली होती, मधोमध कापलेली. आतल्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर काळाकुट्ट कोळसा, त्याखाली लालसर तपकिरी पट्टा, आणि मग साधं पांढरट लाकूड. पिंप आडवं ठेवून आत गॅसची ज्वाळा सोडतात, आणि किती सेकंद सोडली त्यावरून १ ते ४ असे नंबर देतात. एक नंबर म्हणजे साधारण १५ सेकंद, चार नंबर म्हणजे ५५ च्या आसपास. चार नंबरला आतला कोळसा इतका तडकतो की मगरीच्या पाठीसारखा दिसतो, म्हणून त्याला अ‍ॅलिगेटर चारच म्हणतात, वाइल्ड टर्की वगैरे बर्बनवाले हाच वापरतात. बफेलो ट्रेस डिस्टिलरीने तर प्रयोग म्हणून साडेतीन मिनिटं जाळलेली पिंपंसुद्धा वर्षानुवर्षं भरून ठेवली होती. बोटाने फळी घासली तर बोट काळं झालं, आणि वास आला तो चक्क रात्रीच्या शेकोटीवर सकाळी पाणी मारल्यावर येतो तसला.

आता आगीने लाकडाचं होतं काय? ओकमध्ये हेमिसेल्युलोज नावाचा प्रकार असतो, तो तापला की साखरेकडे झुकतो आणि ती साखर जळते, म्हणून कॅरॅमल, काकवी, चिक्कीचा पाक थोडा पुढे गेल्यावर येतो तो वास. तो लाल पट्टा म्हणजे हीच सगळी मंडळी. दुसरं असतं लिग्निन, लाकडाला ताठ ठेवणारा चिकटा समजा. ते तुटलं की एका बाजूने व्हॅनिलिन मिळतं, म्हणजे व्हॅनिला, आणि दुसऱ्या बाजूने ग्वायाकोल, सिरिंगॉल, आणि हे दोघं म्हणजे आपल्याला जो "लाकडाचा धूर" वाटतो तो. कॉफी भाजताना येतो त्यातही ग्वायाकोल असतो. तिसरी गोष्ट ओकचे लॅक्टोन, त्यांना ओल्या-सुक्या खोबऱ्याचा वास असतो. म्हणजे बघा, जळकी साखर, व्हॅनिला, खोबरं, लाकडाचा धूर. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे वाटणासाठी सुकं खोबरं गॅसवर डायरेक्ट भाजतो तसं." अगदी तसंच, आणि मी इतकी वर्षं इंग्रजी पुस्तकी शब्द शोधत बसलो होतो.

म्हणून बर्बनमधला धूर आणि स्कॉचमधला धूर हे नावाने भाऊ, पण गाव वेगळं. बर्बनच्या धुराला आयोडीन नसतं, डांबर नसतं, तो जवळपास नेहमी गोडव्याच्या कडेकडेने येतो, कारण ज्या आगीने तो तयार झाला त्याच आगीने साखरही तयार केली. आणि इथेच माझा मुद्दा आहे, जो मी पुढे सारखा उगाळणार आहे: बर्बन धुरकट आहे की नाही, किती धुरकट आहे, हे विचारून काही कळत नाही, तो धूर गोडव्यात मुरलाय की वर तरंगतोय हे बघायचं.

अपवाद आहेत, तेही सांगून टाकतो नाहीतर कुणीतरी अंगावर येईल. ब्रुकलिनची किंग्ज काउंटी डिस्टिलरी पीटवर वाळवलेलं माल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, वापरून बर्बन करते, मका असतोच, धूर माल्टमधून येतो. पश्चिम केंटकीत धुरावर तंबाखू वाळवायची जुनी रीत आहे, तिथली एम. बी. रोलँड डिस्टिलरी त्याच रीतीने मकाच धुरावते. या दोन्ही मजेशीर आहेत पण तो खराखुरा, धान्याला दिलेला धूर. आणि टेनेसीवाले, जॅक डॅनियल्स वगैरे, मेपलच्या कोळशातून दारू गाळतात तेव्हा लोकांना वाटतं धूर तिथून येत असणार, पण कोळसा तिथे चाळणीचं काम करतो, देण्यापेक्षा काढूनच जास्त घेतो. हल्ली बारमध्ये ग्लासवर लाकडाचा भुसा जाळून झाकण लावून देतात ते मात्र निव्वळ नाटक, छान दिसतं, फोटो काढा, पण त्यावरून आतल्या दारूबद्दल काही ठरवू नका.

आता सिंगल बॅरल. साध्या बर्बनमध्ये शेकडो पिंपं एकत्र करतात, म्हणजे या वर्षीची बाटली गेल्या वर्षीच्या बाटलीसारखी लागते. "स्मॉल बॅच" असं लिहिलेलं असतं त्याला कायद्यात व्याख्याच नाही, ते शब्द फक्त भाव वाढवायला बरे. सिंगल बॅरल म्हणजे एक पिंप रिकामं केलं आणि तेवढ्याच बाटल्या भरल्या, दुसऱ्या पिंपातलं काही त्यात घातलं नाही. पिंप साधारण २०० लिटरचं, भरलेलं होतं तसंच राहिलं असतं तर ७५० मिलीच्या २६६ बाटल्या झाल्या असत्या, पण लाकूड पितं आणि हवेत उडतं, ज्याला हे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात, त्यामुळे सात-आठ वर्षांनी दीडशे-दोनशे निघाल्या तरी बरं. हा प्रकार बाजारात आणला एल्मर टी. ली या मास्टर डिस्टिलरने, १९८४ मध्ये, ब्लँटन्स नावाने. ब्लँटन्सच्या लेबलवर पिंप कधी रिकामं केलं ती तारीख, पिंपाचा नंबर, गोदाम, रॅक असं सगळं लिहिलेलं असतं. आणि बुचावर घोडेस्वार, आठ वेगवेगळे, प्रत्येकावर एक अक्षर, ते जमवत बसणारे लोक आहेत, मी त्यांच्यातला नाही, माझ्याकडे तीनच आहेत.

पिंपापिंपात फरक का पडतो? इथली गोदामं, त्यांना रिकहाऊस म्हणतात, सहा-सात मजली लाकडी सांगाडे, बऱ्याच ठिकाणी बाहेरून नुसता पत्रा, आत ना एसी ना काही. जुलैत वरच्या मजल्यावर गेलो होतो तर कऱ्हाडच्या मे महिन्याची आठवण आली, आणि त्याच वेळी तळमजल्यावर गारवा. वर दारू लाकडात जोरात घुसते, हिवाळ्यात परत बाहेर येते, पाणी जास्त उडतं म्हणून अल्कोहोलचा टक्का वर्षागणिक चढतो, आणि कोळसा, लाल पट्टा सगळं जास्त ओरबाडलं जातं. खाली सगळं संथ. मग झाड कुठलं, फळी झाडाच्या कुठल्या भागातली, ज्वाळा त्या दिवशी दोन सेकंद जास्त लागली का, हे वेगळंच. तर एकाच दिवशी, एकाच भट्टीतून भरलेली दोन पिंपं आठ वर्षांनी सख्खे भाऊ वाटणार नाहीत इतकी वेगळी होतात. म्हणून मी माझ्या बाटलीचं नाव इथे मुद्दाम देत नाहीये, तुम्ही तेच नाव बघून घ्याल आणि तुमच्यात धुराचा पत्ताही नसेल.

बरं, आता चाखणं. आधी माझी फजिती सांगतो. ही बाटली पहिल्यांदा उघडली तेव्हा मी वहीत मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, "चंदनाचा धूर, मंदिर, फारच सुंदर." दुसऱ्या दिवशी तोच ग्लास, तीच बाटली, चंदन गायब. मग कळलं की आदल्या संध्याकाळी बायकोने देवापाशी धूप लावला होता आणि मी हॉलमध्ये बसून तो धूप चाखत होतो. तेव्हापासून नियम: दिवाबत्तीच्या वेळी नाही, फोडणीच्या वेळी नाही, अत्तर-बित्तर लावून नाही, आणि कांदा-शेंगदाणे, फरसाण असला चखणा नंतर. आधी चखणा खाल्ला तर तुम्हाला फक्त चखण्याचीच चव कळणार.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा. स्कॉटलंडमध्ये २००१ साली ग्लेनकेर्न नावाचा ग्लास निघाला, तो आता सगळीकडे मिळतो, नसेल तर छोटा वाइनचा ग्लास चालतो. आपला कटिंगचा ग्लास नेमका उलटा, वर रुंद, त्यात वास थांबतच नाही. ओतायची तीसएक मिली, बर्फ नाही, आणि लगेच नाक घालायचं नाही. पाच-दहा मिनिटं गप्पा मारा. माझी बाटली ५५ टक्क्यांची होती, इथे ११० प्रूफ म्हणतात, प्रूफ म्हणजे टक्क्याच्या दुप्पट, आणि अशा दारूत लगेच नाक घातलं तर नाकातले केस जळाल्यासारखं होतं आणि पुढचा अर्धा तास काहीच कळत नाही.

काकांना म्हटलं, "काका, तोंड जरासं उघडं ठेवा आणि मग वास घ्या."

"वास नाकाने घेतात ना रे?"

"घ्या तर खरं."

तोंड उघडं ठेवलं की अल्कोहोलची वाफ नाकात साचत नाही, हलकी हवा फिरत राहते आणि मागचे वास पुढे येतात. ग्लास हनुवटीपाशी धरायचा, मग ओठापाशी, मग नाकाशी, हळूहळू वर. आणि वाइनसारखा गरागरा फिरवायचा नाही, त्याने फक्त अल्कोहोल उसळतं. काकांनी तसं केलं आणि बंबाच्या मागे त्यांना गूळ सापडला, "गुऱ्हाळात शेवटी शेवटी कढई उतरवायला आली की येतो तो." मला व्हॅनिला आणि लवंग सापडली होती. लवंगेला कारण आहे, लाकडातून युजेनॉल येतं, लवंगेत असतं तेच.

माझी एक सवय आहे, हसाल, पण कामाची आहे. शेजारी तीन-चार वाट्या ठेवतो: गॅसवर काळी केलेली खोबऱ्याची वाटी, दोन लवंगा, गुळाचा खडा तव्यावर थोडा जाळलेला, आणि विझवलेली माचिसची काडी, लाकडीच हवी, मेणाची नको, आणि गंधकाचा पहिला भपका जाऊ द्यायचा. ग्लासचा वास, वाटीचा वास, परत ग्लासचा. नाकाला शब्द आठवत नाहीत, शेजारी ठेवलेली वस्तू मात्र लगेच ओळखता येते. आणि शक्य असेल तर एक साधी, अजिबात धुरकट नसलेली बर्बनही दुसऱ्या ग्लासात ठेवा, मेकर्स मार्कसारखी, मक्याच्या जोडीला गहू असलेली मऊ काहीतरी, म्हणजे फरक कळतो. नाहीतर एकच ग्लास घेऊन बसलं की माणूस स्वतःलाच गोष्टी सांगत बसतो.

मग घोट. पहिला घोट मोजायचाच नाही, तो तोंडाला सवय करायला. दुसरा छोटासा घ्यायचा आणि चघळल्यासारखा तोंडभर फिरवायचा. याला इथे केंटकी च्यू म्हणतात, जिम बीमचा नातू बुकर नो तोंडाने असा मचमच आवाज करत चाखायचा. गिळल्यावर छातीत जी ऊब उतरते तिला केंटकी हग म्हणतात. गोड नाव आहे पण ती ऊब म्हणजे दर्जा नव्हे, ते फक्त अल्कोहोल आहे, मिरचीची जळजळ ज्या नसांना कळते त्याच नसांना अल्कोहोल डिवचतं.

आणि इथेच निम्मे लोक फसतात. जळजळीला धूर समजतात. "काय स्ट्राँग स्मोकी आहे!" म्हणतात आणि ती बिचारी फक्त ६२ टक्क्यांची असते. दुसरी फसवणूक तुरटपणाची. पिंपात जास्त वर्षं राहिली की लाकडाचं टॅनिन उतरतं, जीभ कोरडी पडते, कच्ची सुपारी चघळल्यासारखं किंवा विसरून उकळलेल्या काळ्या चहासारखं, आणि त्यालाही लोक धूर म्हणून मोकळे होतात. यावर एक साधी परीक्षा आहे. नाक चिमटीत धरा, घोट घ्या, फिरवा, गिळा. आता जे जाणवतंय, गोड, कडू, तुरट, जळजळ, ते सगळं जिभेचं आणि तोंडाचं आहे. मग नाक सोडा आणि श्वास बाहेर टाका. त्या क्षणाला जे झपकन येतं ते वासाचं. धूर हा पूर्णपणे वास आहे, घशामागून नाकात चढणारा, तो चिमटीत धरलेल्या नाकाला कळूच शकत नाही.

काकांनी केलं. नाक धरून म्हणाले, "गोड आहे, तिखट आहे, बास." नाक सोडलं, एक सेकंद थांबले आणि नुसतेच माझ्याकडे बघून हसले. आला धूर. म्हणजे या बाटलीत तो खरा होता, टक्क्याची बनवाबनवी नव्हती.

आता पाणी. आपल्याकडे पाणी घातलं म्हणजे कच्चा गडी असं मानायची पद्धत आहे, ते सोडून द्या, निदान चाखताना तरी. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघांनी, कार्लसन आणि फ्रीडमन, २०१७ मध्ये कॉम्प्युटरवर अल्कोहोल, पाणी आणि ग्वायाकोल यांची नक्कल करून बघितली. म्हणजे नेमका आपल्या धुराचाच रेणू. त्यात दिसलं की अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायाकोल पृष्ठभागाशी, हवेला लागून राहतो, आणि ५९ च्या वर गेलं की अल्कोहोलचे रेणू त्याला घेरतात आणि तो आत ढकलला जातो. आत असला की नाकाला कसा कळणार? म्हणजे कडक दारूत धूर जास्त असेल असं वाटतं आणि प्रत्यक्षात ती कडक आहे म्हणूनच तो लपून बसलेला असू शकतो. ही नक्कल आहे, खऱ्या व्हिस्कीत शेकडो रेणू असतात, पण ग्लासमध्ये करून बघितलं की पटतं.

हिशोब सोपा आहे. ३० मिली, ५५ टक्के, म्हणजे आत १६.५ मिली अल्कोहोल. एक छोटा चमचा पाणी, ५ मिली, घातलं की ४७ टक्के. दीड चमचा घातला की ४४. मी अर्ध्या-अर्ध्या चमच्याने जातो, दर वेळी एक मिनिट थांबतो आणि वास घेतो. त्या रात्री एका चमच्याला धूर खरंच उघडला, आधी बंद खोलीतला वाटत होता तो अंगणात आल्यासारखा झाला, आणि त्याच्या मागून भाजलेलं खोबरं आलं जे आधी मला अजिबात सापडलं नव्हतं. दोन चमच्यांना मात्र पातळ झाली, राख उरली आणि गोडवा पळाला. म्हणजे या बाटलीची जागा एक चमचा. दुसऱ्या पिंपाची दुसरी असेल.

राख हा शब्द आला म्हणून सांगतो, कारण निवाडा इथेच करायचा असतो. चांगल्या धुराची खूण म्हणजे तो घोटात कुठे येतो ते बघा. सुरुवातीला गोड, मध्ये मसाला, आणि धूर त्या दोघांच्या खालून शेवटपर्यंत चालत राहतो, गिळल्यावर मिनिटभर हलका हलका वर येत राहतो, आणि तोंडात शेवटची चव गोडसर राहते, कोळशावर भाजलेलं कणीस खाऊन झाल्यावर राहते तशी, म्हणजे जळकं आहे पण खाली दाणा गोड आहे. वाईट धूर एकदम पुढे येतो, बाकी सगळ्याला झाकून टाकतो, आणि शेवटी ओली राख, कडवट, जणू विझलेल्या चुलीवर कुणीतरी दूध तापवलं आणि ते धुरकटलं. धुरकटलेल्या दुधाचा चहा ज्याने प्यायलाय त्याला हे दोन वाक्यांत कळेल. काही लोकांना ती राखच आवडते, त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण मग त्यांनी त्याला समतोल म्हणू नये.

शंभरपैकी मार्क देणारे लोक मला कळत नाहीत. दीडशे बाटल्यांचं एक पिंप, त्याला ९१.५ द्यायचे, आणि वाचणाऱ्याला ते पिंप कधीच मिळणार नाही. मी फक्त इतकं लिहितो: धूर खरा की जळजळ, कसला धूर, गोडव्याबरोबर की गोडव्यावर, किती पाण्याला टिकला, आणि पैसे देऊन दुसरी बाटली घेईन का. शेवटचा प्रश्न भारतातल्यांना जास्त लागू, फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचं आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आलं तरी वरून राज्यांचे कर आहेतच, मुंबई-पुण्याच्या दुकानात भाव बघून अजूनही घसा कोरडा पडतो. तिथे असाल तर गोव्याची पॉल जॉन व्हिस्की हातात आहेच, तिच्या पीटवाल्या बाटल्यांत दोन्ही नमुने एका ग्लासात मिळतात, धूर स्कॉटलंडहून आणलेल्या पीटचा आणि व्हॅनिला-खोबरं या केंटकीच्या जुन्या पिंपांचं. कारण नवंकोरं पिंप असा कायदा असल्यामुळे बर्बनवाल्यांना एकदा वापरलेलं पिंप परत चालत नाही, मग ती सगळी स्कॉटलंडला, गोव्याला, जगभर विकली जातात.

अजून एक गोष्ट, आणि ही सगळ्यात स्वस्त. ग्लास रात्री धुवायचा नाही. तळाशी दोन थेंब राहू द्या. सकाळपर्यंत अल्कोहोल उडून जातं, उरतात ते जड वास, आणि जळजळीचा पडदा नसल्यामुळे पिंपाने खरोखर काय दिलं ते तेव्हा कळतं. सकाळी मी उठायच्या आधीच काका स्वयंपाकघरात, चहाचं आधण एकीकडे आणि दुसऱ्या हातात रात्रीचा ग्लास. "बंब गेला," म्हणाले, "आता नुसतं गुऱ्हाळ राहिलंय." मी घेतला वास, खरंच, धूर अगदी मागे, पुढे सगळी काकवी आणि थोडं लाकडी कपाट. वहीतलं "टोस्टेड ओक" खोडलं आणि काकांचं वाक्य लिहिलं.

बाटली उघडल्यावर पहिला पेग जरा आडमुठा असतो, पंधरा-वीस दिवस हवा लागली की सुधारते, म्हणून पहिल्याच रात्री निकाल देऊ नका. आमची मार्चपर्यंत पुरली, आणि शेवटचा तिसरा हिस्सा सगळ्यात छान लागला. काका एप्रिलमध्ये परत जाणार होते, त्यांना कऱ्हाडला न्यायला एक बाटली हवी होती, म्हणून त्याच दुकानात गेलो, तेच नाव, तेच लेबल, तोच ५५ टक्के, फक्त पिंपाचा नंबर वेगळा आणि मजला दुसरा, आधीची सहाव्या मजल्यावरची होती. घरी आल्यावर काकांना राहवेना, म्हणाले, "उघड रे, कऱ्हाडला काय, दुसरं काहीतरी नेईन." उघडली. चेरी, पुदिना, खाली थोडा मध. फार सुरेख होती. धुराचा मागमूस नाही. काकांनी नाक धरलं, सोडलं, परत धरलं, परत सोडलं.

"बंब कुठाय?" म्हणाले.